पत्राचा दर आणि तिकिटाची किंमत : एका फ्रेमच्या मांडणीसाठी मदत हवी

तापीकाठ (जळगाव)
राम राम मंडळी. अमळनेरकडच्या एका कापूस पेढीचा जुना पत्रव्यवहार मिळाला आहे, साधारण १९५७ ते २००२. त्यातून तिकीट-प्रदर्शनासाठी १६ पानांची एक फ्रेम (पानं लावायची चौकट) करायची आहे, विषय 'दरवाढीने तिकिटं कशी बदलली'. दोन अडचणी आहेत. १९७२ च्या काही पाकिटांवर २५ पैशांची तिकिटं आहेत, पण माझ्या माहितीप्रमाणे तेव्हा पत्राचा दर २० पैसे होता. आणि बरीच पाकिटं तारेत ओवलेली असल्याने मधोमध भोक आहे. तिकिटं सोडवून वेगळी लावली तर चालेल का?

जुनं_टपाल (धुळे)
भाऊ, तिकिटं अजिबात सोडवू नका. सुटं तिकीट फक्त छपाई सांगतं. दर कळतो तो तिकीट, शिक्का आणि पत्ता एकत्र असलेल्या पाकिटावरूनच. भोक पडलेलं असू द्या. पेढीच्या टपालात ते असायचंच, पानावर एका ओळीत तशी नोंद करा. तिकीट आणि तारखेचा शिक्का शाबूत असला की पाकीट चालतं.

१९७२ चं कोडं सोपं आहे. बांगलादेशी निर्वासितांसाठी १५ नोव्हेंबर १९७१ पासून ३१ मार्च १९७३ पर्यंत टपालावर ५ पैशांचा जादा अधिभार होता. म्हणजे २० अधिक ५. पाकिटावर ५ पैशांचं एक वेगळं तिकीट दिसेल. सुरुवातीला ते कुटुंब नियोजनाचं नेहमीचंच तिकीट होतं, वर 'शरणार्थी सहायता' आणि इंग्रजीत 'रेफ्यूजी रिलीफ' असं छापलेलं. पुढे खास तिकीट आलं. सरकारी छापाचं तिकीट सर्वत्र पोहोचेपर्यंत ठिकठिकाणी रबरी शिक्क्यांनी काम भागवलं गेलं. असा शिक्का आज कोणीही मारू शकतो, म्हणून तो सुट्या तिकिटावर विकत घेऊ नका. पाकिटावर असेल आणि टपालाचा शिक्का त्याच्यावरून गेला असेल तरच घ्या.

१९७४ मध्ये पत्राचा दर खरोखरच २५ झाला. त्यामुळे १९७२ आणि १९७५ ची पाकिटं शेजारी लावा. बेरीज तीच, कारण वेगळं. तुमच्या फ्रेममधलं हे सर्वांत जमणारं पान होईल.

शिक्का_वाचक (भुसावळ)
वरच्या उत्तरात भर घालतो. पाकीट वाचताना आधी शिक्क्यावरची तारीख बघा, मग मागच्या बाजूचा पोहोचल्याचा शिक्का. नंतर तिकिटांची बेरीज करा. रजिस्टरचं लेबल असेल तर त्याची फी वजा करा. उरलेली रक्कम दराच्या दुप्पट किंवा तिप्पट निघाली तर ते पत्र जड होतं. कापसाच्या पेढ्या नमुना-पावत्या जोडायच्या, त्यामुळे असं बरंच सापडेल. बेरीज दरापेक्षा कमी भरली तर 'टी'चा शिक्का शोधा. ते नॉटपेड, म्हणजे कमी तिकिटं लावलेलं पत्र, घेणाऱ्याकडून तुटीच्या दुप्पट वसूल होत असे. उघड्या तोंडाच्या पाकिटातली छापील भावपत्रकं कमी दराने जात. ती पत्राच्या दराशी ताडून पाहू नका, इथेच बहुतेक फ्रेम चुकतात.

सुरुवातीच्या पानाला १९५७ चा भारताच्या नकाशाच्या तिकिटांचा संच घ्या. १ एप्रिल १९५७ ला दशमान नाणी आली. जुने दोन आणे म्हणजे साडेबारा नये पैसे, म्हणून त्यात १३ चं विचित्र तिकीट आहे आणि १५ चंही. हाच संच आधी ताऱ्यांच्या वॉटरमार्कवर (कागदातच उमटवलेली खूण) छापला, १९५८ पासून अशोकस्तंभाच्या. सुटं तिकीट उजेडासमोर धरलं तर हा फरक दिसतो. पुढे १९६८ ला दर २० पैसे झाला.

तापीकाठ (जळगाव)
फार उपयोग झाला दादा. १९८० नंतर काय धरू? आणि दर बदलला की तिकिटं बदलतात हे नेमकं दाखवायचं कसं?

जुनं_टपाल (धुळे)
१९८२ मध्ये पत्र ५० पैसे, १९९० मध्ये १ रुपया. त्यानंतर धावच घेतली: १९९७ ला २, १९९८ ला ३, २००१ ला ४, २००२ ला ५ रुपये. या काळात स्मारक तिकिटाची किंमत बहुधा चालू दराइतकीच असे. १९९८ च्या मार्चमधलं सावित्रीबाई फुल्यांचं तिकीट २ रुपयांचं, २००१ अखेरचं साने गुरुजींचं ४ रुपयांचं. मधल्या पावणेचार वर्षांत दोन वाढी झाल्या, ही दोनच तिकिटं तेवढं सांगतात. अमळनेरची पेढी आहे, गुरुजी तिथेच शिकवायचे, तेव्हा ते तिकीट हवंच.

दर बदलण्याच्या आठवड्यातली पाकिटं आवर्जून शोधा. नव्या किमतीचं तिकीट खिडकीवर यायला वेळ लागतो, मग लोक जुनं तिकीट लावून फरकाची छोटी तिकिटं जोडतात. ५० पैशांच्या पाकिटावर ३५ आणि १५ असं काही दिसलं की थांबा आणि तारीख बघा.

२००२ नंतर मात्र पत्राचा दर दोन दशकांहून जास्त काळ ५ रुपयांवरच राहिला. स्मारक तिकिटं बहुतेक ५ रुपयांचीच, त्यामुळे किमतीवरून साल ओळखायची सोय गेली.

शिक्का_वाचक (भुसावळ)
परदेशाशी तुलना करायची असेल तर अर्धं पान पुरे. दरवाढ वारंवार होऊ लागल्यावर अमेरिकेने १९७८ ला किंमत न छापलेलं 'ए' अक्षराचं तिकीट काढलं, ब्रिटनने १९८९ ला किमतीऐवजी फक्त टपालाचा वर्ग छापलेलं आणि अमेरिकेने २००७ ला 'फॉरएव्हर', म्हणजे दर वाढला तरी चालणारं.

शेवटचं पान रजिस्टरचं करा. २०२५ मध्ये रजिस्टर पोस्ट स्पीड पोस्टात विलीन झालं, त्यामुळे त्याआधीच्या शेवटच्या दिवसांतली रजिस्टर पाकिटं आत्ताच मिळवून ठेवा. आणि पाकिटं पीव्हीसीच्या पिशवीत ठेवू नका, उन्हाळ्यात ती चिकटतात आणि शाई उचलतात. पॉलिएस्टरची पारदर्शक पिशवी घ्या. टाचण्या आधी काढा, गंजाचा डाग कागदातून जात नाही.