अनुभव धागा: आपला धंदा आणि गावातली मुलांची संस्था, नेमका फायदा कुणाचा?

खारीवाला, राजारामपुरी, कोल्हापूर (धागा काढणारा)

आमची बेकरी वडिलांच्या वेळेपासूनची. बरीच वर्षं आमचं दान ठरलेलं होतं. 26 जूनला शाहू जयंती, एका बालगृहात जिलेबी आणि खारीची खोकी पोचवायची आणि घरी यायचं. एका वर्षी खोकी उतरवताना तिथल्या ताई म्हणाल्या, "दादा, रागावू नका. सकाळपासून ही चौथी जिलेबी. उद्या पोरांची पोटं कोण बघणार? तुम्ही जुलैत या की."

मला राग आला, खोटं कशाला बोलू. पण बायको म्हणाली, बरोबर आहे त्यांचं. तेव्हापासून दर बुधवारी ब्रेड आणि खारी जाते. बुधवारच का, तर आमची विक्री त्या दिवशी थंड असते आणि भट्टी अर्धी रिकामी जाते. आता बुधवारचा एक घाणा पक्का झाला. आणि गंमत म्हणजे, बुधवारी सुट्टी मारणारा माझा कारागीर यायला लागला. म्हणतो, पोरांचं काम आहे, चुकवून कसं चालेल.

म्हणजे फायदा मलाही झालाच. असं उघड बोलायला आपल्याकडे लाजतात, म्हणून हा धागा. दुकानवाले, कारखानदार, संस्थेत काम करणारे, सगळ्यांनी लिहा. फसलेलं आधी लिहा. संस्थेचं, कंपनीचं नाव मात्र कुणी टाकू नका, गाव लहान आहे.

संस्थेतली ताई

जिलेबीवाली ताई मी नव्हे, पण तेच वाक्य मीही शंभरदा बोललेय.

आमच्याकडे 6 ते 17 वयाची मुलं आहेत. एका कंपनीने काळे बूट दिले, 60 जोड, सगळे एकाच मापाचे. कुणीतरी खरेदी खात्याला फक्त आकडा कळवला असणार. 11 मुलांना झाले. बाकीचे कपाटात पडले, आणि कार्यक्रमाचे फोटो पेपरात देण्यावरून वाद झाला तो वेगळाच. त्यांना मुलांच्या हातात फलक देऊन फोटो हवा होता. मी नाही म्हटलं. बाल न्याय कायद्याच्या (2015) कलम 74 प्रमाणे आमच्याकडच्या मुलाची ओळख उघड होईल असं नाव, पत्ता, फोटो काहीही छापता येत नाही. सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. साहेब म्हणाले, "अहो मॅडम, चांगल्या कामाचाच फोटो आहे." चांगल्या कामाचा असेल, पण त्या पोराला उद्या वर्गात कुणीतरी तो दाखवणार. ते परत आले नाहीत.

मागायला गेलं तर लोकांना वह्या, खाऊ, ब्लँकेट सुचतं. आम्हाला लागतं ते असं: मोठ्या मुलींचे पॅड, आतले कपडे (मापाचे!), लाईट बिल, गाडीच्या ड्रायव्हरचा पगार, आठवड्यातून दोन दिवस समुपदेशक. यावर कुणाच्या नावाची पाटी लागत नाही, म्हणून यासाठी कुणी मिळत नाही. एक मेडिकलवाले मात्र तीन वर्षं झाली, दर महिन्याच्या 5 तारखेला पॅड पाठवतात. कार्यक्रम नाही, भाषण नाही, पिशवीवर माझं नाव आणि आत बिल शून्य रकमेचं.

चप्पल लाईन

ताई, बुटाचं वाचून हसू आलं, कारण नंतर ते काम आमच्याकडेच आलं. म्हणजे तुमचंच की दुसऱ्या संस्थेचं, विचारत नाही.

मी दुकान बंद करून संध्याकाळी गेलो. माप घ्यायला जुने पेपर नेले. एकेका पोराला पेपरवर उभं केलं, पेन्सिलने पायाभोवती रेघ मारली, आत आकडा लिहिला. नाव नको म्हणाले, म्हणून आकडा. एक लहानगा पेन्सिल बोटांमधून गेली की गुदगुल्या होऊन पाय उचलायचा. त्याचं माप चारदा घेतलं. घरी आल्यावर पोराने विचारलं, पप्पा, हे नकाशे कसले?

शाळेला कोल्हापुरी चालत नाही. म्हणून मी माझ्या होलसेलवाल्याकडून काळे बूट माझ्या भावात आणून दिले. पैसे एका कारखानदाराने भरले, माझा नफा शून्य, तोटाही शून्य. फायदा पुढे झाला. त्या कारखानदाराने दिवाळीला कामगारांसाठी 140 जोड पायताण माझ्याकडून घेतलं. म्हणाला, साठ पोरांची मापं धरणारा माणूस माप चुकवणार नाही.

तिथला एक मोठा मुलगा चपलेवरची चामड्याची वेणी कशी घालतात विचारत होता. मे महिन्यात संस्थेच्या सरांबरोबर चार वेळा येऊन बसला. पट्टा भिजवणं, तळ ठोकणं, कान लावणं, सगळं बघितलं. मी त्याला विक्रीचं काम एकही दिलं नाही, सरांनी पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगितलं होतं, शिकणं वेगळं आणि राबवणं वेगळं. 2019 ला आपल्या कोल्हापुरी चपलेला भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा सगळ्यांनी स्टेटस ठेवले. पण बसून वेणी घालणारी नवीन पोरं किती, ते आमच्या लाईनीत येऊन मोजा.

सीए, शाहूपुरी

थोडं कोरडं लिहितो, पण दर मार्चला हेच प्रश्न येतात.

सीएसआर, म्हणजे कंपनीने नफ्यातला ठरावीक भाग समाजकामावर खर्च करायचा नियम, सगळ्यांना लागू नाही. कंपनी कायदा 2013, कलम 135. आदल्या वर्षी नक्त मालमत्ता 500 कोटी, उलाढाल 1000 कोटी किंवा निव्वळ नफा 5 कोटी, यातलं एक जरी गाठलं तरच. मग मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या 2 टक्के. उद्यमनगरातल्या बहुतेक भागीदारी फर्मना याचा संबंधच नाही, तरी मालक "आमचं सीएसआर" म्हणून छाती फुगवतात. फुगवू द्या.

पैसे घेणाऱ्या संस्थेकडे 1961 च्या प्राप्तिकर कायद्यातली 12ए (संस्थेला करमाफी) आणि 80जी (देणगीदाराला करात वजावट), आणि सीएसआर-1 (सीएसआरचे पैसे घेण्यासाठीची) नोंदणी आहे का बघा. आणि ज्यातून मालाची जाहिरात होते असं प्रायोजकत्व सीएसआरमध्ये धरत नाहीत. टी-शर्टवर मोठा लोगो टाकून मॅरेथॉन केली, तो जाहिरात खर्च.

माझ्या एका अशिलाने 25,000 रोख दिले आणि पावती घेऊन ऐटीत आला. 80जी साठी 2,000 च्या वर रोख चालतच नाही. सगळी वजावट गेली. वर त्याने संस्थेवर राग काढला. संस्थेतल्या मावशींनी त्याला चेक द्या म्हणून सांगितलं होतं, यानेच ऐकलं नाही.

मशीनशॉप, शिरोली एमआयडीसी

आमचा अनुभव जरा लांबीचा आहे.

माझ्याकडे चार सीएनसी, दोन व्हीएमसी, म्हणजे संगणकावर चालणारी धातू कापायची मशीन. ऑपरेटर तयार करायचा, सहा महिने ड्रॉईंग वाचायला शिकवायचं, आणि तो पुण्याला पळायचा. एका मित्राने सांगितलं, बालगृहातली मुलं 18 ची झाली की बाहेर पडतात, आयटीआय झालेली असतात, त्यांना घे. कायद्यात 21 पर्यंत अनुरक्षणाची (बाहेर पडल्यानंतरच्या आधाराची) सोय आहे, पण प्रत्यक्षात त्या पोराला खोली कोण देतो?

पहिला पोरगा आला. हुशार. व्हर्नियर या मापपट्टीवर पॉइंट झिरो टू मिलिमीटर सहज वाचायचा. तीन आठवड्यांनी गायब. मी चिडलो, संस्थेला फोन करून बोललो सुद्धा, "तुमची पोरं टिकत नाहीत." तिथल्या सरांनी शांतपणे विचारलं, "तो राहतो कुठे, विचारलंत?" नव्हतं विचारलं. डिपॉझिटला पैसे नव्हते म्हणून तो स्टँडवर झोपत होता, सेकंड शिफ्ट संपली की कारखान्यातून तिथे चालत जायचा. तीन आठवडे माझ्या कारखान्यात माझ्यासमोर डबा खात होता आणि मला कळलं नाही. अजून ते मनातून जात नाही.

आता आधी खोली, मग हजेरीचं पंच कार्ड. दोन पोरांसाठी एक खोली, डिपॉझिट कारखान्याचं, भाडं पहिले चार महिने आमचं, नंतर त्यांच्या पगारातून. बँक खातं आणि कागदपत्रं संस्थेबरोबर बसून आधी पुरी करायची. आधारवर पत्ता संस्थेचा, घरमालकाला तो बघून शंका, असल्या दहा भानगडी असतात. आणि एक जुना फिटर प्रत्येकाला नेमून दिला, आजारी पडला तर फोन कुणाला करायचा यासाठी.

पाच आले, तीन टिकले. त्यातला एक आता सेटर आहे, म्हणजे मशीन जुळवून देणारा. दोन गेले, त्यातला एक पुण्याला. जाऊ दे, पळायचा हक्क त्यालाही आहे!

नाव नको

सगळे गोड गोड लिहितायत म्हणून लिहितो. आमचं हॉटेल आहे, मिसळीचं. एका संस्थेला महिन्यातून एकदा जेवण द्यायचं ठरवलं. सहा महिन्यांत समितीतल्या एकांचे फोन सुरू झाले. आज पाहुणे येणार, वीस प्लेट पाठवा. उद्या मीटिंग, चहा पाठवा. मुलांचं जेवण राहिलं बाजूला. मी बंद केलं तर गावभर माझीच बदनामी.

दान करताना फायदा बघू नये अशा मताचा मी आहे. पण हिशोब तरी बघायला नको का?

संस्थेतली ताई

नाव नको दादा, बघायलाच पाहिजे. पहिल्या दिवशी एका कागदावर लिहून घ्यायचं: काय, किती, कोणत्या तारखेला, आणि फोन फक्त कुणी करायचा. आमच्या समितीतही असे एक होते. कागद दाखवला की गप्प बसायचे.

गुऱ्हाळ, करवीर तालुका

आमच्या गुऱ्हाळावर हंगामात बाहेरून जोडपी येतात. पोरं बरोबर. आई चिपाडं वाळत घालते, बाप चुलवाणाला, आणि पोर मोकळं. काहिलीत, म्हणजे मोठ्या कढईत, रस उकळत असतो. ज्यांनी बघितलंय त्यांना सांगायला नको.

चार हंगामांपूर्वी एका दुचाकीवरून दोन मुली आल्या, संस्थेच्या. पोरांसाठी वर्ग घेऊ का म्हणाल्या. मला वाटलं, बालमजुरीची तक्रार करायला आल्या. 14 च्या आतल्या पोराला कामाला लावता येत नाही हे मला माहीत आहे, आम्ही लावतही नव्हतो. पण माणूस घाबरतोच. मी हाकलून दिल्या. आठवड्याने परत आल्या. आमचा गूळ करणारा गुळव्या म्हातारा, तो म्हणाला, "मालक, एक पोर काहिलीजवळ आलं की माझा हात थरथरतो. बसू द्या की त्यांना कुठंतरी."

गुळाचे रवे (ढेपा) ठेवायच्या शेडचा एक कोपरा दिला, पत्र्याला आतून पोती लावली. सकाळी दोन तास, दुपारी दोन तास. खर्च माझा लाईट आणि दूध. पुढच्या हंगामाला उचल (आगाऊ पैसे) देताना मुकादमाकडून निरोप आला, सहाच्या सहा जोडपी परत आमच्याकडेच येणार. जास्त उचल देणारे दुसरे होते. एक बाई म्हणाली, तुमच्याकडं पोरगी पाटीवर लिहिती.

त्या पोरीने माझं नाव लिहून दाखवलं होतं, फक्त आडनावात एक वेलांटी जास्त.

वह्यांचं दुकान, व्हिनस कॉर्नरजवळ

2019 च्या ऑगस्टमधलं सांगतो. जूनमध्ये आम्ही एका वसतिगृहाला वह्या द्यायचो, खरेदी भावात. महापुराचं पाणी दुकानात छातीपर्यंत होतं. उतरल्यावर शटर उघडलं तर वह्या फुगून रॅकमध्ये अशा घट्ट बसलेल्या की हाताने एक निघेना. पहार घालून उचकटाव्या लागल्या. काही रॅकचे पत्रे वाकले होते.

त्या वसतिगृहातून शिकून बाहेर पडलेली सात-आठ पोरं, आता कुठे कुठे नोकरीला असलेली, फावडी घेऊन आली. मी कुणाला बोलावलं नव्हतं. तीन दिवस चिखल काढला. मी जेवायला घालायला लागलो तर म्हणाले, काका, आधी तुम्ही खा.

पुढच्या जूनला खरेदी भावातसुद्धा द्यायची माझी ऐपत नव्हती. तसं सांगितलं. वसतिगृहाने पूर्ण भावाने माझ्याकडूनच घेतल्या.

चष्मा

मी अशाच एका संस्थेत वाढले. आता शहरातच नोकरी करते.

आम्हाला रांगेत उभं करून "थँक्यू सर" म्हणायला लावायचे. कोण कोण सर होते, एकाचाही चेहरा आठवत नाही. आठवतो तो एक चष्म्याचा दुकानदार. दरवर्षी जूनमध्ये डोळे तपासायला यायचा. माझा नंबर पाचवीत निघाला. त्याने पेटी उघडून माझ्यासमोर बारा-तेरा फ्रेमा मांडल्या आणि म्हणाला, "निवड." मला कळेचना. आमच्याकडे सगळं सगळ्यांना सारखं यायचं. मी इतका वेळ लावला की बाकीच्या मुली ओरडायला लागल्या. जांभळी घेतली. अतिशय वाईट दिसायची ती.

आजही चष्मा त्यांच्याच दुकानातून घेते. आता पैसे देऊन. ऑफिसातल्या चौघींना पण तिथेच नेलंय.

खारीवाला, राजारामपुरी

सगळ्यांचं वाचलं. चप्पलवाले, तुमचा नंबर व्यक्तिगत निरोपात पाठवा, आमच्याकडच्या पोरांची मापं घ्यायची आहेत, पेपर मी देतो.

परवाच्या बुधवारचं सांगतो. बालगृहातल्या आठवीतल्या एका मुलाने मला बाजूला घेऊन सांगितलं, "काका, खारी कालची वाटती." मी म्हटलं, शक्यच नाही. दुकानात येऊन कारागिराला विचारलं. मंगळवारचीच होती.