मदत हवी आहे: सिव्हिल जस्टिस कौन्सिलमधल्या ॲडमिनच्या कामाबद्दल
नमस्कार मंडळी, लंडनला सिव्हिल जस्टिस कौन्सिलच्या सेक्रेटरिएटमध्ये ॲडमिनच्या पोस्टसाठी पुढच्या आठवड्यात माझा इंटरव्ह्यू आहे. १९९७ च्या सिव्हिल प्रोसिजर ॲक्टने झालेली ही सल्लागार संस्था, अध्यक्ष मास्टर ऑफ द रोल्स, म्हणजे इथल्या दिवाणी न्यायाचे प्रमुख. मी नाशिकला वकिलांकडे सहा वर्षं फायली, तारखा सगळं सांभाळलंय पण इथे मीटिंगला जज, वकील, ग्राहकांची बाजू मांडणारे सगळे एकत्र बसतात तर मिनिट्समध्ये कोण काय बोललं ते नावानिशी लिहायचं की नुसता निर्णय? आणि सीनियर जजना ईमेल करताना सुरुवातीला काय लिहितात, तिथेच सगळ्यात जास्त अडलंय. कोणी असं काम केलं असेल तर प्लीज सांगा, ही नोकरी मनापासून हवीये.