शाहिरांच्या नव्या अल्बममधली कोणती गाणी घ्यायची?

सप्रेम नमस्कार मंडळी,

शाहिरांचा नवा अल्बम बहुतेकांनी ऐकलाय. वार्षिक कार्यक्रमात त्यातली गाणी बसवायचं चाललंय. माझं मत असं, की वडिलांवरचं आणि बायकोवरचं अशी घरची गाणी घ्यावीत, ऊसतोडीचं आणि जातीवरचं ही दोन ठेवून द्यावीत. प्रेक्षकांत सगळ्या विचारांची माणसं असतात, लहान मुलं असतात. आपापलं मत कळवा.

– कार्यक्रम समितीतर्फे

---

ताई, नमस्कार.

तुमची अडचण समजते, पण ही वाटणी पटत नाही. वडिलांवरचं गाणं पुन्हा एकदा ऐका. दुसऱ्याच कडव्यात मुकादमाकडून, म्हणजे ऊसतोडीची माणसं जमवणाऱ्याकडून, घेतलेली उचल (आगाऊ रक्कम) येते. दिवाळीच्या सुमारास बिऱ्हाड उचलून नवरा-बायकोनं कारखान्याच्या वाटेला लागायचं आणि हंगामभर ती उचल फेडत राहायचं, हे माहीत नसेल तर बाप मुलाशी इतका कमी का बोलतो ते कळणारच नाही. ते सगळं ऊसतोडीच्या गाण्यात आहे. ते काढलंत तर घरचं गाणं अर्धंच राहील.

आणि आपली शाहिरी अशीच आहे ना? अण्णाभाऊ साठ्यांची 'माझी मैना गावावर राहिली' ही छक्कड (लावणीचाच एक प्रकार) घ्या. पोटासाठी मुंबई गाठलेल्या गड्याला गावाकडच्या बायकोची आठवण येते, तिच्या रूपाचं वर्णन चालू होतं, आपण त्यात रमतो, आणि पुढे ती मैना म्हणजे महाराष्ट्राबाहेर राहिलेला बेळगाव-कारवारचा मुलूख होते. विरह तोच, चालही तीच. अण्णाभाऊ स्वतः वाटेगावातून मुंबईत आलेले, गिरणीत राबलेले. शाहीर अमर शेख आणि शाहीर गव्हाणकरांबरोबर त्यांनी 1944 साली लाल बावटा कलापथक काढलं, तेव्हा घरचं दुःख बाजूला ठेवून ते फडावर उभे राहिले नव्हते.

मला सर्वांत भिडलं ते जातीवरचं गाणं. तिथे ढोलकी थांबते, डफ थांबतो, नुसतं तुणतुणं एका तारेवर चालू राहतं आणि शाहीर आवाज न चढवता शाळेतल्या पाण्याच्या माठाची गोष्ट सांगतात. मुलांना हे ऐकवायचं नाही म्हणता. पण त्या गाण्यातला मुलगा त्यांच्याच वयाचा आहे.

– आपला, काका

---

काका, ताई,

मी चारही गाण्यांच्या बाजूनं. झील धरायला, म्हणजे शाहिरांमागे सूर धरून साथ द्यायला, आम्ही तरुण मंडळी तयार आहोत, फक्त तालीम लवकर सुरू करू या. ऊसतोडीच्या गाण्यात 'जी जी रं जी' शेवटच्या शब्दावर लगेच उचलावं लागतं, जरा उशीर झाला की शाहिरांची पुढची ओळ अडते. मुलांच्या हातात गाण्यांचे शब्द छापून देऊ, देवनागरीत. आणि ताई, क्रम अल्बममधलाच ठेवा: आधी ऊसतोड, लगेच वडील.