क्रोममधले पासवर्ड फोनवर दिसतात, लॅपटॉपवर नाहीत

प्रश्न: अँड्रॉइड फोनवर वीजबिलाच्या साइटचा पासवर्ड आपोआप भरला जातो. लॅपटॉपच्या क्रोममध्ये मात्र यादीच रिकामी. पासवर्ड नुसता बघायचा असेल तर कुठे बघू?

उत्तर १: फोनवर क्रोम उघडा, तीन टिंबं, सेटिंग्ज, गूगल पासवर्ड मॅनेजर. साइटच्या नावावर टॅप करा, फोनचं लॉक उघडा, मग डोळ्याच्या चिन्हावर टॅप केलं की पासवर्ड दिसतो. लॅपटॉपवर यादी रिकामी असेल तर आधी उजवीकडे वरचं प्रोफाइलचं चित्र बघा. बहुतेक वेळा तिथे दुसरंच खातं असतं, नाहीतर साइन-इनच केलेलं नसतं.

उत्तर २: खातं तेच असेल तर पासवर्ड फक्त फोनवर साठवलेला असू शकतो, खात्यात नाही. पासवर्ड्स डॉट गूगल डॉट कॉम उघडा. तिथे फक्त खात्यातलेच दिसतात, त्यामुळे लगेच कळेल.

आणि एखाद्या साइटवर क्रोम ‘सेव्ह करू का’ असं विचारतच नसेल, तर कधीतरी घाईत ‘नेव्हर’ दाबलं गेलं असू शकतं. पासवर्ड मॅनेजरच्या सेटिंग्जमध्ये नाकारलेल्या साइट्सची यादी असते, त्यातून ती साइट काढा.

उत्तर १: एक राहिलंच. सगळे पासवर्ड एक्स्पोर्ट केले तर सीएसव्ही फाइल मिळते. ती साध्या नोटपॅडमध्येही उघडते, एकूण एक पासवर्ड उघड दिसतो! काम झालं की डिलीट करा, रिसायकल बिनमधूनसुद्धा. व्हॉट्सॅपवर तर पाठवूच नका.

प्रश्नकर्ता: लॅपटॉपवर ऑफिसचं खातं होतं. सापडलं, आभार.