यलो लॅबची मादी तोंडातली अंडी परत परत गिळतेय, काय चुकतंय?

गॅलरीतला_मासेवाला (पुणे)

नमस्कार मंडळी, बरेच महिने नुसतं वाचतोय, आज पहिल्यांदा लिहितोय, लांबलं तर सांभाळून घ्या.

धायरीला राहतो. गॅलरी बंद करून घेतलीय आणि तिथं स्लॉटेड अँगलचा रॅक टाकलाय, वर दोन फुटी तीन टाक्या, खाली एक तीन फुटी (३ बाय दीड बाय दीड). खालच्या टाकीत ७ यलो लॅब आहेत (आफ्रिकेतल्या मलावी लेकचे पिवळे मासे, यांची मादी अंडी तोंडातच उबवते). दीड इंचाचे होते तेव्हा घेतले, आता वर्ष झालं, सगळ्यात मोठा ४ इंचाला आलाय, बाकीचे तीन-साडेतीन. बोअरचं पाणी, टीडीएस ४५० च्या आसपास, पीएच ८, हीटर २६ वर, दोन स्पंज फिल्टर आणि एक हँग-ऑन. दर रविवारी ३० टक्के पाणी बदलतो, यात खाडा नाही.

तर झालंय असं की आतापर्यंत तीन वेळा मादीनं अंडी तोंडात घेतली. पहिल्यांदा मला कळलंच नाही, वाटलं घशाला गाठबिठ आली, घाबरून मीठ टाकलं पाण्यात 😅 नंतर वाचल्यावर ट्यूब पेटली. हनुवटीखाली पिशवी लटकल्यासारखी दिसते आणि थोड्या थोड्या वेळानं चूळ भरल्यासारखं तोंड हलवते. दाणे टाकले की बाकीचे सहा जण वर येतात आणि ही मागं दगडापाशी गप्प उभी. आमची आई म्हणते हिचा चातुर्मास सुरू झाला.

पण तिन्ही वेळा हा चातुर्मास ५-६ दिवसांत आटोपला. सोमवारी तोंड भरलेलं, शनिवारी सकाळी बघतो तर बाई सगळ्यांच्या आधी दाण्यांवर तुटून पडलेली. पिल्लू एक नाही. पहिल्या दोन वेळा एकच मादी होती, तिसऱ्यांदा दुसरी. त्या दुसरीला मी तिसऱ्या दिवशी नेटनं काढून वरच्या टाकीत एकटी ठेवली, म्हटलं शांतता मिळेल, तर तिनंही तेच केलं.

आता पुढच्या वेळी दुसऱ्याच दिवशी अंडी काढून टंबलरमध्ये (मादीच्या तोंडाऐवजी अंडी पाण्यात हलती ठेवायचं भांडं) फिरवू का? की नर बदलू? नर तसा जोरात आहे, पंखांच्या काळ्या कडा एकदम कडक, सगळ्यांना हाकलत असतो.

———

ठाण्याची_मावशी

अरे तिसऱ्या दिवशी नेट घालायचंच कशाला. तोंडात अंडी असलेल्या मादीच्या मागं नेट घेऊन दहा मिनिटं पळापळ केलीस की ती एकतर थुंकते नाहीतर गिळते. माझ्याकडं लॅब आहेत २०१४ पासून, पहिलटकरणी पहिल्या दोन-तीन खेपा वाया घालवतातच, चौथ्या-पाचव्याला शिकतात. काही करू नकोस. दगड वाढव, लपायला जागा कर आणि टाकीसमोर खुर्ची टाकून बसायचं बंद कर.

बाकी पाणी तुझं झकास आहे. आमच्याकडं तलावाचं पाणी इतकं मऊ येतं की मला फिल्टरमध्ये शिंपल्यांचा चुरा ठेवावा लागतो नाहीतर पीएच घसरतो. मलावी लेकच्या माशांना बोअरचं पाणी म्हणजे माहेर.

———

चिलापीकर (भिगवण)

तुम्ही एवढे पैसे घालून, हीटर लावून जे करताय ते आमच्या उजनीत फुकटात चालतं 😂 चिलापी पण याच खानदानातली, ती पण पिल्लं तोंडात घेऊन फिरते, मूळची आफ्रिकेतली, १९५२ साली भारतात आणली आणि आता धरणात जाळं टाकलं की आधी तीच. मावशीचं बरोबर आहे, त्यांना एकटं सोडा.

आणि एक विनंती, पिल्लं जास्त झाली की कुणीतरी गुपचूप तळ्यात नाहीतर नदीत सोडून येतं. तसं करू नका. एका चिलापीनं आमच्याकडच्या गावठी माशांचं काय केलं ते म्हाताऱ्या कोळ्यांना विचारा.

———

रॅक_नंबर_तीन (सातारा)

मावशींचा मान राखून थोडं वेगळं सांगतो.

पहिलटकरीण गिळते हे खरं, पण इथं मादी दोन आहेत आणि दोघी तिन्ही वेळा बरोबर ५-६ दिवसांतच रिकाम्या होतायत, हे मला खटकतंय. अंडी फळलेली असतील तर साधारण आठवड्याभरात आतल्या आत फुटून पोटाला बलकाची पिशवी असलेली पिल्लं तयार होतात, आणि एकदा ती वळवळायला लागली की मादी सहसा टिकवून धरते, मग १८ दिवस, २१ दिवस, थंडीत आणखी थोडे. अंडी फळलेलीच नसली तर ती मऊ पडून खराब होतात आणि मादीला ते कळतं, मग ती गिळून मोकळी होते. म्हणजे तुझा प्रॉब्लेम मादीच्या तोंडात नसून त्याच्या आधी आहे असं माझं मत.

म्हणून टंबलरचा विचार आत्ता सोड. न फळलेली अंडी टंबलरमध्ये कितीही गरगर फिरवली तरी बुरशीच येणार. मी सुरुवातीला सोड्याच्या बाटलीचं टंबलर करून ३ खेपा अशाच घालवल्या, रोज सकाळी ड्रॉपरनं पांढरी अंडी वेचायची, मोठी नोकरीच होती ती.

आता सांग:
अंडी घालताना प्रत्यक्ष बघितलंस का कधी? कोण काय करत होतं?
आणि नर हा नर आहे हे कशावरून ठरवलंस?

दुसरा प्रश्न मुद्दाम विचारतोय. लॅबमध्ये काळ्या कडांवर जाऊ नको. टाकीत जी मादी दादा असते तिलाही कडक काळे पंख येतात. गुदपंखावरच्या पिवळ्या ठिपक्यांवरही जाऊ नको. खरं तर ते ठिपके मोठं नाटक आहे, मादी आधी अंडी टाकते, लगेच वळून तोंडात घेते, मग नराच्या पंखावरचे ठिपके अंड्यांसारखे दिसतात म्हणून तेही टिपायला जाते आणि त्याच वेळी नराचं वीर्य तिच्या तोंडात जातं, अंडी फळतात ती तिथंच. पण यलो लॅबच्या नराला हे ठिपके बऱ्याचदा धड दिसतच नाहीत आणि कधी कधी मादीला दिसतात, त्यामुळं ओळखायला उपयोग शून्य.

———

कालुंदर_पणजी

विषय थोडा सोडून बोलतो, माफी. आपले स्वतःचे सिच्लिड (लॅब, चिलापी ज्या खानदानातले ते) पण आहेत हे लोक विसरतात. आमच्या गोव्यात खातात ती कालुंदर, आणि तिचा धाकटा भाऊ नारिंगी क्रोमाइड. हे तोंडात काही घेत नाहीत, अंडी दगडाला चिकटवतात आणि आईबाप दोघं पाळीपाळीनं पहारा देतात, पंखांनी वारा घालतात. क्रोमाइडची पिल्लं तर आईबापांच्या अंगावरचा चिकट थर टोचून टोचून खातात, एकदा बघाच. माझ्या जोडीनं ग्लासवर पिल्लं काढली तेव्हा बापानं माझ्या बोटाला चावा घेतला होता, एवढासा अडीच इंचाचा प्राणी.

———

ठाण्याची_मावशी

कालुंदर छानच पण त्याचा वेगळा धागा काढ ना रे, वाचायला आवडेल. इथं बिचाऱ्याचा चातुर्मास अडलाय.

सातारकर, तुमचा मुद्दा पटला. मी आपली माझ्याकडच्या नरावरून बोलत होते.

———

गॅलरीतला_मासेवाला (पुणे)

सगळ्यांचे आभार. सातारकर दादा, तुमचा प्रश्न वाचून जरा पोटात गोळाच आला.

दुसऱ्या खेपेला अंडी घालताना बघितलं होतं. रविवारची दुपार होती. एका चपट्या दगडावर मोठा आणि ती मादी गोल गोल फिरत होते, एकमेकांच्या शेपटीला डोकं लावून, अंग थरथरवत. अंडी मोठी, मोहरीपेक्षा बरीच मोठी, पिवळट. मादी वळून उचलत होती. आणि मधेच मोठ्यानं पण दोन-तीन अंडी उचलली. मला वाटलं खाल्ली, नर काय खाऊ शकतो. पण आता आठवतंय की त्या दिवशी संध्याकाळी त्याचाही घसा थोडा फुगलेला दिसत होता, मी म्हटलं जास्त दाणे खाल्ले असतील.

नर कसा ठरवला म्हणाल तर दुकानदारानंच सांगितलं होतं, घ्या साहेब एक नर सहा माद्या, बरोबर सेट आहे. दीड इंचाचे होते तेव्हा 🤦

———

रॅक_नंबर_तीन (सातारा)

दीड इंचाच्या लॅबचा नर-मादी सांगणारा माणूस भेटला तर मला पत्ता दे, मी त्याच्याकडून लॉटरीचा नंबर घेणार.

उद्या व्हेंट बघ, म्हणजे पोटाखालची भोकं. दाणे देऊ नको सकाळी. दोन्ही हात ओले कर, मासा ओल्या नेटमध्येच उलटा धर, पोट वर, डोळ्यांवर नेटचा पदर टाकलास की शांत होतो. गुदपंखाच्या अगदी पुढं दोन भोकं दिसतील. नराला दोन्ही साधारण सारखी, बारीक. मादीला मागचं, म्हणजे शेपटीकडचं, भोक ठळक मोठं आणि रुंद असतं. डोळ्यानं ठरवू नको, मोबाईलनं फोटो काढ आणि मोठा करून बघ, आणि एकट्या माशाचा फोटो बघून कळत नाही, सातही काढ आणि शेजारी शेजारी लाव. प्रत्येकाला पाण्याबाहेर वीस-तीस सेकंदांच्या वर ठेवू नको.

———

गॅलरीतला_मासेवाला (पुणे)

केलं. बायको फोटो काढत होती, मी धरत होतो, आई दारात उभी राहून "अरे सोड त्याला, अरे सोड" करत होती. एक मासा हातातून निसटून बादलीत पडला, बाकी सगळे ठीक.

फोटो लावलेत. १ नंबरचा तो मोठा. मला तरी सातही एकसारखेच दिसतायत.

———

ठाण्याची_मावशी

अरे देवा. सातही बायका.

———

रॅक_नंबर_तीन (सातारा)

हो. १ नंबर पण मादीच, मागचं भोक बघ की केवढं आहे. तिचा घसा फुगला होता तो दाण्यांनी नाही. मलावीच्या माद्यांमध्ये हे होतं, नर नसला की दादागिरी करणारी मादी नराचं सगळं नाटक करते, दुसरी अंडी घालते, दोघी उचलतात, आणि पाच-सहा दिवसांनी दोघींच्या लक्षात येतं.

मनाला लावून घेऊ नको, सात माद्या हा वाईट सेट नाहीये. एक नर मिळाला की काम झालं. फक्त "मिक्स सिच्लिड" म्हणून विकतात त्यातला पिवळा मासा उचलून आणू नको. रेड झेब्राबरोबर (मलावीचाच दुसरा मासा) लॅब सहज क्रॉस होतो, पिल्लं पिवळी-नारिंगीच दिसतात, मग ती लॅब म्हणून विकली जातात आणि पुढच्या माणसाची वाट लागते. मी स्वतः असा एक घोळ केलाय, चाळीस पिल्लं वाटून झाल्यावर कळलं, तोंड लपवायला जागा नव्हती.

माझ्याकडं दीड वर्षाचा नर आहे, त्याच्या हातची, म्हणजे पंखाची 😄, पिल्लं मी काढलीत, खात्रीचा आहे. मेहुणा रविवारी स्वारगेटला येतोय त्याच्याबरोबर पाठवतो. दोन दिवस उपाशी ठेवून पिशवीत एक भाग पाणी दोन भाग ऑक्सिजन भरून थर्माकोलच्या डब्यात देतो, अडीच-तीन तासांचा तर रस्ता. पैसे नकोत, पहिल्या खेपेतली चार पिल्लं दे, माझ्या लाइनला नवीन रक्त लागतंच.

सोडताना एक कर, लाइट बंद, आणि टाकीतले सगळे दगड हलवून नव्यानं रच. तुझ्या १ नंबर बाईनं वर्षभर घर बांधलंय तिथं, दगड तसेच ठेवलेस तर ती नवऱ्यामुलाला पहिल्याच रात्री फाडेल.

———

गॅलरीतला_मासेवाला (पुणे)

दादा काय बोलू, रविवारी स्वारगेटला हजर राहतो. आईनं विचारलंय की जावयाला खायला काय लागतं.

———

रॅक_नंबर_तीन (सातारा)

स्पिरुलिनाचे दाणे, दिवसातून दोनदा, थोडेच. ट्युबिफेक्स (बारीक लाल किडे) अजिबात नाही, माझे तीन मासे पोट फुगून गेले त्यात.

———

गॅलरीतला_मासेवाला (पुणे)

दोन महिन्यांनी वर काढतोय धागा.

नर आला त्या दिवशी दगड फिरवले, लाइट बंद ठेवली, तरी १ नंबरनं दोन दिवस त्याला हीटरच्या मागं कोंडून ठेवला. मग तिचीच कडा फिकी पडायला लागली आणि याची चढली. आता तो मधल्या दगडावर राज्य करतोय.

आणि १ नंबरच्याच तोंडात अंडी आहेत!! आज १३वा दिवस. नेट लावलं नाही, हलवली नाही, खुर्ची पण उचलली मावशी. काल रात्री टॉर्च लावून घशाखालून बघितलं तर पातळ कातडीतून बारीक काळे ठिपके दिसले, जोडी जोडीनं. डोळे आहेत ना ते? की मला भास होतोय? तिला वर हलवू का आता, आणि आर्टेमिया (पिल्लांना खायला द्यायचे खाऱ्या पाण्यातले बारीक जीव, अंड्यांतून काढतात) लावू का?

———

ठाण्याची_मावशी

डोळेच आहेत. टॉर्च बंद कर आधी.

हलवायची तर १८व्या दिवशी, रात्री लाइट गेल्यावर, नेटनं नाही, मोठ्या वाडग्यात पाण्यासकट. वरच्या टाकीत खालचंच पाणी भर. स्वतःहून सोडू दे, तोंड उघडून काढायची घाई नको, २४-२५ दिवस झाले आणि फारच खंगलेली दिसली तरच. आर्टेमिया आत्ता लावून काय करणार, पिल्लांना अजून बलक पुरतोय. तिला हलवलीस की दुसऱ्या दिवशी लाव, लिटरला २५ ग्रॅम मीठ, खालून हवा जोरात, २८ डिग्रीला साधारण एका दिवसात फुटतात. दाण्यांची पूड पण चालते या पिल्लांना, जन्मतःच सेंटिमीटरभर असतात.

———

रॅक_नंबर_तीन (सातारा)

माझी चार विसरू नको.