प्रतिसाद: परत आलेला तापाचा रुग्ण

वर कोणी लिहिलंय, ‘ताप उतरला म्हणून घरी सोडलं आणि दुसऱ्या दिवशी रुग्ण पुन्हा कॅज्युअल्टीत.’ डेंग्यूत धोका नेमका तिथेच असतो. तिसऱ्या ते सातव्या दिवसात ताप उतरतो तेव्हाच रक्तवाहिन्यांतून द्रव झिरपतो, आणि हा काळ 24 ते 48 तासांचा. नुसते प्लेटलेट मोजत बसू नका, हिमॅटोक्रिट (रक्तातलं लाल पेशींचं प्रमाण) आधीच्या आकड्याशी ताडून पाहा. 20 टक्के वाढ म्हणजे गळती. पोटदुखी, थांबत नसलेली उलटी, सुस्ती, हिरड्यांतून रक्त असेल तर घरी पाठवूच नये.

मुंबईच्या पावसात आणखी दोन चुका होतात. मलेरियाची एक स्मिअर (काचेवर रक्त पसरून केलेली तपासणी) निगेटिव्ह आली की विषय संपतो. संशय असेल तर 12 ते 24 तासांनी, अशी तीनदा तरी करायला हवी. आणि साचलेल्या पाण्यातून चाललात का, हे कोणी विचारतच नाही. पोटऱ्या दुखतात, डोळे लाल पण चिपडं नाहीत, लघवी कमी झालीय, तर लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस, दूषित पाण्यातून होणारा जिवाणूंचा आजार) धरून क्रिएटिनिन (किडनीची रक्ततपासणी) लगेच पाठवा. रिपोर्टची वाट पाहत अँटिबायोटिक अडवून ठेवू नका, कारण सुरुवातीच्या दिवसांत अँटिबॉडीची तपासणी निगेटिव्ह येऊ शकते.

परत आलेल्या रुग्णाच्या जुन्या केसपेपरवरचं ‘व्हायरल’ तसंच उतरवू नका, हिस्टरी पहिल्यापासून घ्या.