सातवी झाली, आता आठवीला हायस्कूल. मुलीची तयारी काय करून घेऊ?

डोंगराकडची: नमस्कार मंडळी. आमचं गाव पाटण तालुक्यात, गावात झेडपीची शाळा सातवीपर्यंतच. लेक आता आठवीला हायस्कूलला जाणार, ११ किलोमीटर, एसटीने. इथे तिच्या वर्गात सगळी मिळून नऊ पोरं, गुरुजी घरी येऊन चहा पिऊन जाणारे. तिकडे एकेका तुकडीत साठ म्हणतात. पोरगी हुशार आहे पण बोलायची नाही, परवा मला विचारते आई तिकडे बाथरूमला जायचं तर कुणाला सांगायचं, म्हटलं आता काय सांगू हिला. मिस्टर म्हणतात सुट्टीत क्लास लाव, जाऊबाई म्हणतात सेमीला टाक, म्हणजे गणित-विज्ञान इंग्रजीतून. मला काहीच सुधरत नाहीये. दाखला १ मेला निकालाबरोबर मिळेल. अजून काय काय करायचं असतं?

खडू_डस्टर: ताई, मी हायस्कूलला गणित शिकवतो, एकवीस वर्षं झाली, दर जूनला अशी पोरं बघतो. आठवीत पोरं अडतात ती अभ्यासाने कमी आणि नव्या रोजच्या रुटीनने जास्त. झेडपीत एकच गुरुजी दिवसभर, त्यांना पोराचं सगळं माहीत. इथे ३५-४० मिनिटांनी तास बदलतो, सर बदलतात, प्रत्येकाची वही वेगळी, एकाला समासाची लाइन लागते एकाला चालत नाही. पहिले पंधरा दिवस पोरं सगळी पुस्तकं रोज वाहून आणतात कारण वेळापत्रक लिहून घ्यायचंच राहिलेलं असतं. तर सुट्टीत तिला रात्री दप्तर स्वतः भरायची सवय लावा, तुम्ही भरू नका.

सेमीचं म्हणाल तर आतापर्यंत गणित मराठीतून झालं असेल तर जाऊबाईंचं ऐकून लगेच उडी मारू नका. आठवीचा पहिलाच धडा परिमेय व अपरिमेय संख्या, दुसरा समांतर रेषा व छेदिका. ज्या पोरीला छेदिका म्हणजे काय हे आत्ता कळतंय तिला पहिल्याच महिन्यात ट्रान्सव्हर्सल म्हटलं की ती गप्प बसते, आणि गप्प बसणारी पोरगी साठात दिसत नाही हो, खरंच नाही दिसत. बाथरूमचं मात्र आधीच सोडवा. प्रवेशाला याल तेव्हा तिला घेऊन या, मुलींचं स्वच्छतागृह कुठे, पाणी आहे का, कोणत्या मॅडमना सांगायचं, तिच्यासमोर विचारा. लाजू नका, आम्हाला सवय आहे.

वैतागलेला_बाप: दाखला घ्यायच्या आधी शाळेत जाऊन जनरल रजिस्टर, म्हणजे ज्यावरून दाखला लिहितात ते नोंदीचं पुस्तक, स्वतःच्या डोळ्यांनी बघा ही माझी हात जोडून विनंती!! आमच्या पोराच्या दाखल्यावर आडनावात एक अक्षर चुकलं, आम्ही बघितलंच नाही, घरी आणून कपाटात ठेवला, हायस्कूलने तेच उतरवून घेतलं, दहावीच्या फॉर्मला उघड झालं. मग जुनी शाळा म्हणते पोरगा आता आमचा नाही, नवी म्हणते आमच्याकडे आलं तेच लिहिलं, चार महिने मी रजा टाकून फिरतोय. पोरीचं नाव, आईचं नाव, जन्मतारीख, जात, सगळं आधार आणि जन्मदाखल्याशी ताडून बघा, काना मात्रा सकट. जातीची नोंद तर जास्तच, पुढे जात पडताळणीला (व्हॅलिडिटी) तेच काढतात. दाखल्याच्या चार झेरॉक्स मारून ठेवा, ओरिजनल हायस्कूलला जमा होतो.

लालपरी_फॅन: ताई एसटीचा पास फुकट आहे, अहिल्याबाई होळकर योजना, ग्रामीण भागातल्या मुलींना पाचवी ते बारावी. शाळेच्या सहीशिक्क्याचा फॉर्म लागतो, पहिल्याच आठवड्यात मागा. पण पास मिळाला म्हणजे गाडी मिळाली असं नाही, हे मी तीन वर्षं उभी राहून जाणारी सांगते 😅 सकाळची गाडी वरच्या गावाहूनच भरून येते आणि फाट्यावर ड्रायव्हर हात दाखवून निघून जातो. त्यामुळे शाळा सुरू व्हायच्या आधी एक दिवस तिला त्याच गाडीने घेऊन जा, परतताना तिला पुढे बसवा आणि तुम्ही मागे बसा, तिकीट तिलाच काढू द्या, उतरायचं तिलाच सांगू द्या. आणि गाडी चुकली तर कुठे थांबायचं ते एकच ठिकाण ठरवा, ओळखीचं दुकान बघा, दुकानदाराला सांगून ठेवा. कंपासपेटीच्या झाकणात आतून दोन फोन नंबर चिकटवा, मोबाईल नसला तरी चालतं. पिशवीत एक सॅनिटरी नॅपकिन आणि जुनी ओढणी कायम. मला आठवीत कुणी सांगितलं नव्हतं, मी दफ्तर मागे धरून फाट्यापासून घरापर्यंत चालत आले होते.

वैतागलेला_बाप: +१ दुकानाचं.

खडू_डस्टर: एक राहिलं. आठवीला पुस्तकं आणि खिचडी अनुदानित हायस्कूलला पण मिळते, नववीपासून दोन्ही बंद, तो खर्च आत्तापासून डोक्यात ठेवा. क्लासपेक्षा एनएमएमएस बघा, ही सरकारी शिष्यवृत्ती आहे. आठवीतच परीक्षा असते, पास झाली आणि यादीत आली तर नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये, उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत लागतं, सातवीला ५५ टक्के हवेत. उत्पन्नाचा दाखला मेमध्येच काढा, जूनमध्ये सेतूत पाय ठेवायला जागा नसते.

डोंगराकडची: सगळ्यांचे खूप आभार. काल शाळेत जाऊन रजिस्टर बघितलं, माझ्या नावाचा एक काना खाल्लेला!! गुरुजी म्हणाले बरं झालं आत्ता आलात, अर्ज द्या, मी करतो. सेमीचं तूर्त नाही, घरात जरा धुसफूस झाली, होऊ दे. दुकानदार मिळालाय, फाट्यावर चपलांचं दुकान आहे, माझ्या माहेरच्या गावचेच निघाले काका. एसटीची ट्रायल रविवारी करायची होती तर रविवारी ती गाडीच नसते. शनिवारी जातोय. पोरगी म्हणते तू मागे नको, त्याच्या पण मागे बस.